प्लॉट सोनतळीत, दावण चिखलीत

प्रयाग चिखलीत माझ्या मामांच्या घरी सोप्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या चार रेघा आहेत. खालच्या दोन गुडघ्याच्या उंचीला, जवळजवळ एकमेकींवरच बसलेल्या. एक १९८९ची, एक २००५ची. तिसरी २०१९ची, माझ्या डोक्याच्या वर हातभर. चौथी २०२१ची, तिच्याही वर वीतभर. पहिल्या दोघींत बोटभर अंतर आणि तिथून तिसरीपर्यंत एकदम पुरुषभर उडी. मामांनी घराला दोनदा रंग काढला, पण तेवढा पट्टा सोडून.

मी कोल्हापुरात भूगोल शिकवतो. किनाऱ्याची धूप, पूरप्रवण वस्त्या, नियोजित स्थलांतर हे धडे दरवर्षी होतात आणि दरवर्षी मुलं उदाहरणं लिहून घेतात ती समुद्राची. त्यात चूक काही नाही. पण पाण्याच्या काठावरचं गाव हलवायचं म्हणजे नेमकं काय हलवायचं, हा प्रश्न मला कळला तो समुद्रावर नाही, शहरापासून अर्ध्या तासावर असलेल्या माझ्याच आजोळी. म्हणून हे एकाच घराचं प्रकरण सविस्तर लिहितोय. घरातल्यांची नावं घेत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

गाव आणि प्लॉट

चिखली संगमावरचं गाव. भोगावती वाटेत तुळशी, कुंभीचं पाणी घेऊन येते, पलीकडून कासारी येते, गुप्त सरस्वती धरली की पाच होतात आणि इथून पुढे नदीचं नाव पंचगंगा. या सगळ्या नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून, राधानगरी-गगनबावडा-शाहूवाडीच्या पावसातून उतरतात. गगनबावडा हा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या तालुक्यांपैकी एक. डोंगरात पाण्याला भरपूर उतार असतो, चिखलीपासून पुढे तो संपतो. नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंतचे सुमारे ८० किलोमीटर नदी वळणं घेत, आळोखेपिळोखे देत जाते. खाली कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकायलाच तयार नसतं. वरून भरभर येतं, खाली हळूहळू जातं, आणि मधल्या ताटलीत चिखली, आंबेवाडी आणि निम्मं कोल्हापूर.

१९८९च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला प्लॉट दिले गेले. सोनतळी म्हणजे शाहू महाराजांच्या कॅम्पमुळे जिल्ह्याला माहीत असलेलं माळाचं ठिकाण, उंचावर, पुराच्या पूर्ण बाहेर. म्हशी हाकत निघालं तर तासाभराची वाट. कागदावर पाहिलं तर यापेक्षा चांगलं पुनर्वसन शोधून सापडायचं नाही: जागा जवळ, पाणी चढत नाही, रस्ता आहे, जिल्हा तोच, भाषा तीच, सोयरेसुद्धा तेच.

तरी गाव हललं नाही. तीस वर्षांनी २०१९ला जेव्हा लष्कराच्या आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या, तेव्हा त्या चिखलीच्या गल्ल्यांतूनच फिरत होत्या.

त्या वेळी शहरातल्या चहाच्या गाड्यांवर एक वाक्य फार ऐकू यायचं: प्लॉट घेतले, विकून खाल्ले, आता बोटी मागतात. मीसुद्धा ते एक-दोनदा मान हलवून ऐकून घेतलंय. आजोळ असूनही. काहींनी प्लॉट विकलेही असतील. पण मामांनी विकला नव्हता. त्यांचा प्लॉट तिथंच होता, तीस वर्षं, बाभळी उगवलेला. मग ते गेले का नाहीत, हे विचारायला मला २०१९ उजाडावं लागलं.

पंचमीचं पाणी

ऑगस्ट २०१९. पाच तारखेला सोमवारी नागपंचमी होती. माझ्या दोन्ही मामेबहिणी माहेरी आलेल्या, झोका बांधलेला, पण पाऊस उघडेना. टीव्ही लावला की दिवसभर काश्मीर. कलम ३७० हटवल्याची बातमी त्याच दिवशीची, त्यामुळे आमच्या पाण्याकडे कॅमेऱ्यांचं लक्ष जायला दोन दिवस लागले.

कोल्हापूरकर पूर मोजतो तो कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात इथं माणसं एकमेकांना जेवण झालं का विचारण्याआधी ‘बंधाऱ्यावर किती?’ विचारतात. मी मामांना फोन केला तेव्हा धोका पातळी ओलांडलेली होती.

“मामा, निघा आता. मी गाडी घेऊन येतो.”

“कशाला रं? अजून उंबऱ्याला न्हाई लागलं. दोन हजार पाचला बघितलंय की आपण, गुडघाभर झालं आन् परतलं.”

“या वेळी वरून जास्त येतंय. राधानगरीचे दरवाजे उघडलेत.”

“ते दरवर्षी उघडत्यात. तू पोरींना घिऊन जा. मी म्हसरं टाकून कुठं येऊ?”

शेवटचं वाक्य मी त्या दिवशी नीट ऐकलंच नाही. मला वाटलं, हट्ट आहे. खरं तर मामा मला कारण सांगत होते.

राधानगरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ‘दरवाजे उघडले’ म्हणजे कुणीतरी बटण दाबलं असं वाटतं. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की त्याच्या दाबानं दरवाजा आपोआप उचलला जातो, उतरलं की आपोआप बसतो. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तर जेमतेम दहा हजार. तासाभरानं उघडू, रात्र जाऊ दे, असं त्या दरवाज्यांना सांगता येत नाही. आणि मोठा पूर येतो तो काही एकट्या या दहा हजारांनी येत नाही. धरणाच्या खाली जो मोकळा मुलूख आहे, ओढे, नाले, धरण नसलेली खोरी, तिथला पाऊस थेट नदीत उतरतो. त्यावर कुठलाच दरवाजा नाही.

मंगळवारी पाणी सोप्यात आलं. मामांनी सहा म्हशी आणि दोन रेडकं वरच्या गल्लीत उंचवट्यावर नेऊन बांधली. १९८९ला आणि २००५लाही तिथंच बांधली होती, हा अनुभव. अनुभवानं इथं दगा दिला. दोन्ही वेळा पाणी जिथं थांबलं होतं, तीच मामांच्या मनात नदीची हद्द झाली होती. खालच्या दोन रेघा इतक्या जवळ नसत्या, तर कदाचित ते लवकर हलले असते.

मामी आणि नातवंडं बोटीतून निघाली. बोटीत माणूस आणि एक पिशवी. म्हैस बोटीत घेत नाहीत, घेऊही शकत नाहीत, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. मामा आणि थोरला मामेभाऊ शेजारच्या स्लॅबवर राहिले. रात्री पाणी उंचवट्यावरही आलं. जनावरांच्या पोटाला लागलं. भाऊ छातीभर पाण्यातून गेला आणि एकेका म्हशीचं दावं कापलं. गाठ सोडायला वेळ नव्हता, भिजलेला सुंभ सुटतही नाही. कापताना म्हशी त्याचा हात चाटत होत्या, एवढंच तो सांगतो आणि पुढचं सांगत नाही.

बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. शहरात विचित्र अवस्था: घराबाहेर पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. मी नागाळा पार्कातल्या मित्राचं सामान वरच्या मजल्यावर चढवत होतो आणि मामांचा फोन बंद होता. तिसऱ्या दिवशी दोघे बोटीतून आले. मामा गाडीत माझ्या शेजारी बसले. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दारात उतरताना म्हणाले, “धार काढायची येळ झाली.”

चार म्हशी पोहत निघाल्या होत्या, दोन दिवसांनी पलीकडच्या रानात सापडल्या. एक मेलेली मिळाली. एक मिळालीच नाही. रेडकं दोन्ही गेली.

दावणीचा हिशोब

आता मामांचं ते वाक्य पुन्हा बघू. म्हसरं टाकून कुठं येऊ?

दुभती म्हैस ही बँकेतल्या ठेवीसारखी कुलूप लावून ठेवता येत नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. दोन-तीन धारा चुकल्या की कास तटतटते, दगडी होते, आणि दगडी झालेलं सड अनेकदा कायमचं जातं. एका म्हशीला दिवसाला पंचवीस-तीस किलो हिरवी वैरण, वर वाळलेली, आणि साठेक लिटर पाणी. सहा म्हशींना दिवसाला दीडशे किलोच्या वर नुसती ओली वैरण. माझ्या विद्यार्थ्यांना हे आकडे दिले की ते हसतात. मग मी म्हणतो, सोनतळीच्या बाभळीच्या प्लॉटवर हे सगळं रोज कुठून आणायचं ते लिहा. हसू थांबतं.

चिखलीसारख्या गावाचं अर्थकारण उसाइतकंच दुधावर चालतं. उसाचा पैसा वर्षानं येतो, तोही हप्त्यानं. दुधाचा दहा दिवसांनी. किराणा, शाळेची फी, औषध, सगळं त्या दहा दिवसांच्या बिलावर. कोल्हापूरकरांना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायची हौस, पण ते दूध येतं कुठून, तर नदीकाठच्या गोठ्यांतून. गोठे काठावर का, तर वैरण मळीच्या रानात होते आणि पाणी जवळ असतं. जी जागा पुराची, तीच वैरणीची. पुरानं आणून टाकलेल्या गाळावरच ते हिरवं रान उभं असतं.

म्हणजे १९८९नंतर प्लॉट देताना घरं मोजली गेली, दावण मोजली गेली नाही. माणसाला झोपायला जागा मिळाली, म्हशीला उभं राहायला नाही. मग माणूस झोपणार कुठं? म्हशीपाशी.

नुकसानभरपाईचं गणित याच अंगानं जातं. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांत दुभत्या मोठ्या जनावरामागे पूर्वी ३०,००० रुपये होते, २०२२मध्ये ते ३७,५०० झाले, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन मोठ्या दुभत्या जनावरांपर्यंत. बाजारात चांगली मुऱ्हा किंवा म्हैसाणा लाखाच्या पुढे आहे. त्यातून मामांची जी म्हैस सापडलीच नाही, तिचा पंचनामा काय करायचा? आलेला माणूस म्हणाला, शव दाखवा. मामा म्हणाले, “अलमट्टीत बघा जावा.” अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. मला वाटतं पुराच्या संबंध महिन्यात घरात कुणी हसलं असेल तर तेवढंच.

भिंत मागणारे आणि अलमट्टी

पूर ओसरला की कोल्हापुरात दोन मागण्या हमखास होतात. एक, नदीला भिंत बांधा. दोन, अलमट्टीचं बघा.

अलमट्टीबद्दल माझं मत गल्लीत लोकप्रिय नाही. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२०च्या अहवालात तो पूर अलमट्टी किंवा कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्यानं आला नाही असा निष्कर्ष काढला. अनेकांना तो आजही मान्य नाही, आणि कर्नाटकला अलमट्टी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे म्हटल्यावर शिरोळ तालुक्यातल्या माणसाला झोप न लागणं मी समजू शकतो. त्याचं रान कृष्णेला लागून आहे, त्याच्याकडे पाणी उतरायला दिवस मोजावे लागतात. पण चिखलीचं बोलायचं तर राजाराम बंधाऱ्याची धोका पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे ५४३ मीटरवर आहे. आजच्या भरलेल्या अलमट्टीपेक्षा ती तेवीस-चोवीस मीटर उंच. सगळं खापर तिथं फोडलं की शिरोलीचा महामार्गाचा भराव, पुलांच्या जोडरस्त्यांचे भराव, निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले बंगले यांच्याकडे बघायची गरज उरत नाही, ही सोय मात्र होते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. २०१९ आणि २०२१, दोन वर्षांत दोन पूर, दोन्ही मामांच्या डोक्यावरून.

भिंतीचं तर मला समुद्रावरून जास्त कळलं. घाट उतरून कोकणात गेलं की काळे दगड रचलेले धूपप्रतिबंधक बंधारे दिसतात. रत्नागिरीजवळचा मिऱ्याचा बंधारा तर सगळ्यांना माहीत. बंधाऱ्यामागची घरं वाचतात, पण लाटेचा जोर जातो कुठं? बंधारा जिथं संपतो तिथल्या उघड्या पुळणीवर. म्हणून एका वाडीला बंधारा मिळाला की पुढची वाडी मागते. नदीतही तेच. एका काठाला भिंत घातली की पाणी समोरच्या काठावर चढतं. चिखलीला भिंत घाला, आंबेवाडीनं काय करायचं? शिवाय चिखली संगमावर आहे, पाणी एका बाजूनं येत नाही. चारी बाजूंनी भिंत घातली तर आत पडलेला पाऊस बाहेर काढायला पंप लागतील आणि वीज तर पहिल्याच दिवशी बंद होते.

काठ ढासळण्याचा त्रास वेगळा. पूर चढताना काठ सहसा तग धरतो; पाणी झपाट्यानं उतरतं तेव्हा आत मुरलेल्या पाण्याच्या वजनानं भिजलेला काठ अख्खाच्या अख्खा बसतो. मामांच्या मळीच्या रानाची उसाची एक सरी २०१९ला अशी गेली. तिथं भिंतीपेक्षा काठावरची दहा-वीस फूट पट्टी सोडणं, वाळुंज, करंज, शेरणी, बांबू राखणं स्वस्त पडेल. पण कडेपर्यंत ऊस लावायची सवय आहे आणि वीटभट्टीला माती विकली की रोख पैसे मिळतात. मामांनी पट्टी सोडली का? नाही. उलट पुढच्या वर्षी ऊस अजून दोन फूट पुढे सरकला.

शेड

२०२०च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, मामेभावानं घरात एक विषय काढला. सोनतळीला घर बांधायचं नाही, शेड बांधायची. मामांना पटेना. प्लॉट घरासाठी मिळालाय, तिथं गोठा बांधला तर लोक हसतील. भाऊ म्हणाला, घर बांधलं तर तुम्ही जाणार नाही, शेड बांधली तर जाल. मामी चुलीपाशी होत्या, त्या म्हणाल्या, “आन् एक मोरी बांधा. म्हशीला सगळं हाय, बायकांनी काय रानात जायाचं?”

एक बरी म्हैस विकली आणि त्या पैशात पत्रा, अँगल, कोबा, सहा दावी बसतील अशी गव्हाण, पाण्याची टाकी आणि मामींची मोरी झाली. राहायला एक खोली, पत्र्याचीच. कडबा आणि वाळलेली वैरण मे महिन्यातच तिथं नेऊन रचायची, असं ठरलं. सरकारी योजना नाही, अनुदान नाही. शेजारच्या दोन प्लॉटवाल्यांनी बघून तसंच केलं, बाकीच्यांनी बघितलं फक्त.

२०२१ला आषाढी एकादशी मंगळवारी, २० जुलैला होती. बुधवारी रात्रीपासून डोंगरात जो पाऊस लागला त्याला मामा ‘घागरीनं वततोय’ म्हणाले. २०१९ला पाणी चार-पाच दिवस चढत होतं, विचार करायला वेळ होता. या वेळी ते दिवसातच धावून आलं. गुरुवारी सकाळी रस्त्याच्या कडेला पाणी चमकू लागलं तेव्हा भावानं कुणाला फोन केला नाही, बंधाऱ्यावर किती विचारलं नाही. म्हशी सोडल्या आणि हाकत निघाला. मामा मागून, हातात काठी. तासाभरात सोनतळी. संध्याकाळची धार सोनतळीला निघाली. दूध घालायला जवळची संस्था आधीच बोलून ठेवली होती.

मला फोन आला तो रात्री आठला.

“जेवलास का?”

“मामा, तुम्ही कुठं आहात?”

“सोनतळीत. पाणी वाढलंय न्हवं? घरात शिरंल आता.”

आवाजात काळजी होती, घाई नव्हती. दोन वर्षांत मला ऐकू आलेला फरक तेवढाच.

पाणी या वेळी ५६ फुटांच्या वर गेलं. चौथी रेघ. घराचं नुकसान झालं: मागची मातीची भिंत बसली, धान्याची कणगी गेली, फ्रीज तरंगत माळवदाला लागला, मळीतला ऊस आठ दिवस पाण्यात राहून पिवळा पडला. पण मामांच्या दावणीतलं एकही जनावर गेलं नाही आणि त्या घरातून बोटीनं एकही माणूस काढावा लागला नाही. पाणी जास्त, नुकसान निराळं. मध्ये बदललं होतं ते एक पत्र्याचं शेड.

कोरोनाचे निर्बंध होते, निवारा केंद्रात गर्दीची भीती होती, त्यामुळे स्वतःचं छप्पर असल्याचा फायदा दुहेरी झाला. हे नशीब म्हणायचं.

समुद्रावरची दोन गावं

वर्गात मी आता चिखलीच्या शेजारी दोन किनारी गावं ठेवतो.

ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचा गावांचा समूह होता. समुद्रानं एकेक गाव खाल्लं. राज्य सरकारनं २०१८मध्ये ५७१ कुटुंबांना आत बागपतियाला हलवलं, घरासाठी जागा आणि पैसे दिले. धुपीमुळे हलवलेली ही देशातली पहिल्या काही वसाहतींपैकी एक, म्हणून तिचं कौतुक झालं. पण तिथं शेतजमीन नव्हती, समुद्र लांब गेला होता, आणि बरेच तरुण कामासाठी केरळ-तमिळनाडूकडे निघून गेले. जीव वाचला, पोट मागं राहिलं.

फिजीतलं वुनिडोगोलोआ २०१४मध्ये साधारण दोन किलोमीटर आत, उंचावर गेलं. तिथं गाव गेलं ते आपल्याच कुळाच्या जमिनीवर. नव्या जागी घरांबरोबर माशांची तळी आणि शेतीची सोयही केली गेली. अडचणी तिथंही आल्या, पण माणसं राहिली.

चिखली या दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे. जागा वुनिडोगोलोआइतकी जवळ, विचार बागपतियासारखा घरापुरता.

माझ्यावरचा आक्षेप

एका स्थापत्य अभियंता मित्राला हे सगळं सांगितलं तर तो वैतागला. म्हणाला, तू जे कौतुकानं सांगतोयस त्याचा अर्थ लोक पूर नसेल तेव्हा पूररेषेतच राहणार, तिथं स्लॅब टाकत राहणार, प्रत्येक पुरात घरांचं नुकसान होणार आणि सरकार भरत राहणार. गोठा वर आणि घर खाली ही कसली व्यवस्था? उलट असायला हवं.

त्याचं बरोबर आहे. मामांनी चौथ्या रेघेनंतर मागची भिंत सिमेंटची बांधली, कर्ज काढून, त्याच जागी. तेच पैसे सोनतळीला घातले असते तर दोन खोल्या झाल्या असत्या. तरी मला वाटतं की पंधरा दिवसांचं सुरक्षित पावसाळी ठाणं आज मिळत असेल, तर कायमच्या स्थलांतराच्या आशेवर ते अडवून ठेवू नये. सोनतळीत सामाईक गोठे, चाऱ्याचा साठा, जूनपासून दूध संकलन आणि बायकांसाठी मोऱ्या झाल्या, तर प्लॉटवर बाभळी उगवणार नाहीत. राहायला कोण कधी जाईल ते त्यांचं ते बघतील. राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं कृष्णा खोऱ्यातल्या पुरासाठी मोठा कार्यक्रम हाती घेतलाय. त्यात नदी, नाले, अंदाज देणारी यंत्रणा, पुराचं पाणी दुष्काळी भागात वळवणं असं बरंच आहे. गव्हाणीची तरतूद त्या आराखड्यात बसवणं काही अवघड नाही.

ज्यांच्याकडे म्हैसच नाही त्यांचं काय, हे मात्र माझ्या शेडनं सुटत नाही. मामांच्या गल्लीत रोजगारावर जाणारी चार घरं आहेत. १९८९ला ती घरं म्हणजे दोन कुटुंबं होती, म्हणून प्लॉट दोन. आता कुटुंबं सात. २०१९ला ती सगळ्यांत आधी निघाली, कारण मागं ठेवायला दावण नव्हती, आणि सगळ्यांत शेवटी परतली, कारण रानातलं काम महिनाभर सुरूच झालं नाही. त्यांच्यासाठी पुराचा अर्थ बुडालेला रोजगार. त्यावर पत्रा टाकता येत नाही.

यंदाच्या मे महिन्यात

मे महिन्यात मी मामांबरोबर सोनतळीला गेलो होतो. ट्रॉलीतून कडबा आणला होता, भाऊ आणि एक गडी तो रचत होते. गव्हाणीला दोन ठिकाणी तडे गेलेत. मामींच्या मोरीचं दार वाऱ्यानं निखळलंय. शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी पाया काढून ठेवलाय, त्यात शेळ्या बसलेल्या.

वहिनींचं म्हणणं होतं, या वर्षी पत्र्याच्या खोलीऐवजी विटांची एक खोली बांधू, पोरं मोठी झालीत, पुरात शाळेचे पंधरा दिवस जातात, इथं राहिली तर जवळच्या शाळेत तरी जातील. भाऊ तयार आहे. कर्जासाठी कागद काढायला गेला तर प्लॉट अजून आजोबांच्या नावावर. आजोबा १९९६ला गेले. वारस नोंद लावायची तर मामांचे दोन भाऊ, एक पुण्यात, एक इचलकरंजीत, आणि माझी आई धरून तीन बहिणी, सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. पुण्याचे मामा म्हणतात, मला हिस्सा नको, पण सही करायला दिवाळीत येईन.

“दिवाळीत?” वहिनी म्हणाल्या. “पाणी काय दिवाळी बघून येतंय?”

मामांनी उत्तर दिलं नाही. ते गव्हाणीच्या तड्यात बोट घालून किती खोल गेलाय ते बघत होते. मग भावाला म्हणाले, “जूनच्या आत सिमेंट भरून घे रं ह्यात. आन् सुंभ नको बांधू, साखळी आण. कडीची. वढली की सुटणारी.”